शिल्लक वेळ एकतीस तास

घरचा कॉम्प्युटर अडला तर बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा? मी आहे ना!

रविवारी सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सगळ्यांच्या सहलीचं तीन तासांचं शूटिंग मी स्वतः केलं होतं. त्यांच्या टीव्हीवर चालेल अशी फाईल करायची, बस्स! गेल्या वर्षी माझ्या साडूनं असाच सिनेमा दाखवला आणि तेव्हापासून त्या घरात त्याच्याशिवाय पान हलत नाही. मोठा जावई मी, पण मला हाक मारतात ती पंखा पुसायला! हो, जळतो मी. चांगला धूर निघेपर्यंत जळतो!

शनिवारी सकाळी बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'शिल्लक वेळ : एकोणीस तास.'

"अहो, भावजींना फोन करू का?" बायको म्हणाली. भावजी म्हणजे तोच, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

"त्याचं नाव काढू नकोस!"

मी कॉम्प्युटरचा डबा उघडून धूळ झाडली. धूळ माझ्या नाकात गेली आणि वेळ झाला बावीस तास. कॉम्प्युटर तापलाय म्हणून समोर टेबलफॅन लावला, तर बायकोच्या ऑफिसचे सगळे कागद खोलीभर उडाले. मग इंटरनेट बंद केलं. आतून किंकाळी आली, "अहो, माझी मीटिंग चालू होती!" वेळ, एकतीस तास!

दुपारी दारात साडू उभा. बायकोनं फोन केलाच होता.

"दादा, बघू का जरा?" अगदी गोड आवाजात. हाच, हाच गोडवा मला सहन होत नाही!

"नको! होतंय!"

तोवर तो खुर्चीत बसलाही. दोन ठिकाणी क्लिक केलं आणि थबकला. मी घाईनं पडद्यासमोर हात धरला. कारण तिथे एका चौकोनात बरोबरची खूण होती, 'निवडलेला चेहरा पुसट करा.' शेजारी चेहऱ्याचा फोटो. साडूचा!

"दादा, हा मी ना?"

"चुकून दाबलं गेलं असेल," मी पुटपुटलो.

"तरीच! बिचारा कॉम्प्युटर एकेक चित्र थांबवून मला शोधतोय." त्यानं खूण काढली. वेळ झाला वीस मिनिटं. "पण एवढा वेळ का लागावा? मी असा कितीसा असणार यात?"

त्यानं फिल्म पळवून पाहिली. नावेत साडू. डोंगरावर साडू. साडू बूट घालतोय. साडू कोणाशी हसून बोलतोय. साडू झोपलाय, सलग अकरा मिनिटं!

"शूटिंग तुम्हीच केलंत ना?" बायकोनं विचारलं. "मग मी कुठाय यात?"

काय सांगणार? सहलीभर माझा डोळा त्याच्यावर होता, आणि कॅमेरा डोळ्याला लावलेला होता! साडू मात्र चक्क लाजला.

रविवारी सिनेमा लागला. खोली भरलेली. वाढदिवस सासऱ्यांचा आणि तीन तास पडद्यावर साडू! आता कुठे तोंड लपवू, असं झालं मला. दिवे लागले तेव्हा सासूबाई डोळे पुसत होत्या.

"धाकट्यावर किती जीव हो तुमचा! सख्खा भाऊही एवढं डोळ्यात तेल घालून बघणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी, पहिल्यांदाच! मी नम्रपणे मान खाली घातली, आणि त्याच्यासाठी कोणी जास्त वाजवतंय का, ते तिरक्या डोळ्यानं पाहून घेतलं.