क्रमांक सात

रुंगानो गोळा केलेल्या दगडांसकट थेट काकाच्या मातीला पोहोचला, आणि तिथंच त्याची संशोधनाची तीन वर्षं मातीत गेली.

गोक्वेच्या त्या वाळूच्या मुलुखात थडग्यावर रचायला दगड मिळेना. तो काकूंना भेटून बाहेर येईपर्यंत लोकांनी त्याच्या गाडीतलं पोतं रिकामं केलं होतं. दोनशे सत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, रंगाने आकडे घातलेले बारा दगड काकावर रचले गेले होते.

"पुतण्या असावा तर असा!" काकू हुंदका देत म्हणाल्या. "दगड आणले, तेही मोजून!"

अकरा पुन्हा गोळा करता आले असते. सातव्याची जागा मात्र त्याच आठवड्यात धरणाच्या पाण्याखाली गेली होती. तो लाव्हा पृथ्वीच्या पोटातून कुठून आला, हे सातव्यावर ठरणार होतं, रुंगानोची पदवीही.

थडग्यावरचा दगड उचलणारा चेटक्या ठरतो. उचलला तर फक्त झिवाईने. तो घराण्याचा साव्हिरा, म्हणजे मयताचीही थट्टा करायचा हक्क असलेला मित्र. त्या वेळी तो काकाचा कोट घालून, काकासारखाच लंगडत, रडणाऱ्यांना हसवत होता.

"काय रे सिंहा," त्याने रुंगानोला कुळाच्या नावाने हाक मारली, "काकासाठी डोळा ओला नाही, अन् दगडासाठी रडतोस?"

"दादा, एकच द्या. सातवा."

"महिन्याने देतो. पण धुवायचा नाही. घरच्यांनी त्यावर वाहिलेलं पुसलंस, तर काका रोज स्वप्नात येऊन बसेल."

रुंगानो विज्ञान शिकला होता, पण जन्मला गोक्वेत होता. त्याने शब्द दिला आणि पाळला. अकरा दगड नवे आणले. सातवा न धुता दळायला गेला.

प्रयोगशाळेचे आकडे आले तेव्हा त्याच्या मार्गदर्शक मुकारोबाई खुर्चीवरून उठल्याच.

"अकरांत पोटॅशियम नावाला, आणि सातव्यात बघ! फार पूर्वी खाली गाडलं गेलेलं काहीतरी वर आलंय, रुंगानो!"

रुंगानोला न धुतलेला दगड आठवला. बाहेर जाऊन त्याने झिवाईला फोन लावला.

"दादा, दगडावर काय काय टाकलंत?"

"बाजरीची बिअर. अन् राखेत मळलेली तपकीर, मुठी मुठी. तुझ्या चिरांडूकाकाला तेवढी लागायचीच. का रे?"

"बाई म्हणतात, हे फार खोलातलं आहे."

"चिरांडूला उभ्या जन्मात कुणी खोल म्हटलं नाही, सिंहा. आता तरी म्हणू दे की!"

राख आणि तंबाखू, दोन्हींत पोटॅशियम ठासून भरलेलं. रुंगानोने तक्ता पुढे ओढला. हा आकडा ठेवला तर पदवी हातात होती. खोडला तर धरण आटायची वाट बघायची.

मग त्याने पेन उचललं आणि सातव्या ओळीपुढे लिहिलं : 'दूषित. कारण : काका.'