गळक्या मोटारसायकलची कोरडी फरशी

मुलांनो, एका जंगलात सगळ्या प्राण्यांत मिळून एकच मोटारसायकल होती. आजाऱ्यांना घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायला. ती चालवायचा टिकोजी मुंगूस.

गाडीला एक दुखणं होतं. इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट कुठून तरी गळायचं. टिकोजी संध्याकाळी भरायचा, सकाळी पातळी खाली. घाटात इंजिन तापलं तर? या विचाराने त्याला घास गोड लागेना. त्यात बायकोचे, रेवाचे, दिवस भरत आलेले.

गळती शोधायची युक्ती सोपी होती. रात्री गाडीखाली सागाची वाळकी पानं पसरायची. सकाळी जे पान ओलं, त्याच्या बरोब्बर वर गळती.

पण रोज सकाळी फरशी लख्ख! रानडुक्कर अण्णा पहाटेच पानं झाडून फरशी पुसून टाकायचे. अण्णा म्हणजे स्वच्छता खात्याचे प्रमुख. हसू नका, खाती अशीच वाटली जातात.

एकदा टिकोजी अण्णांच्या आधी पोचला. एक पान ओलं होतं. वर पाहतो तर रबरी नळीची क्लिप ढिली!

तेवढ्यात अण्णा आले.

"अण्णा, तुमच्या कपाटातला स्क्रूड्रायव्हर द्या. दोन पिळे मारले की गळती बंद."

"गळती? कसली गळती?"

"ही काय! पान बघा ना!"

"अरे शहाण्या, गाडी दुरुस्त केली म्हणजे ती नादुरुस्त होती असं होईल. उद्या वाघोबा महाराज स्वच्छतेचं बक्षीस द्यायला येतायत. आणि तू मला ओलं पान दाखवतोस?"

"घाटात इंजिन जळेल, अण्णा! रेवाला कधीही न्यावं लागेल."

अण्णांनी त्याच्या पाठीवर खूर ठेवला. "काळजी सोड. उद्या एक थेंब दिसणार नाही. माझा शब्द!"

दुसऱ्या दिवशी खरंच एक थेंब नव्हता. टिकोजीला भरून आलं. उगाच आपण अण्णांना नावं ठेवली, असं त्याला वाटलं.

इतक्यात रेवाला कळा सुरू झाल्या. त्याने तिला मागे बसवलं आणि गाडी घाटाला लावली.

अर्ध्या घाटात इंजिन करकरलं आणि जाम झालं. टिकोजीने रेडिएटरचं झाकण उघडलं. आत ठणठणीत कोरडं. अण्णांनी शब्द पाळला होता. सगळं कूलंटच काढून टाकलं होतं.

रेवा रस्त्याकडेला बाळंत झाली. पिल्लू वाचलं नाही.

दुपारी गाडी ढकलत आणून जागेवर उभी केली. वाघोबा महाराज वाकले. गाडीखाली पंजा फिरवला. पंजा कोरडा.

"वा अण्णा, वा! एक थेंब नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"महाराज, पण इंजिन..." टिकोजी पुढे झाला.

"शू!" अण्णा दबक्या आवाजात खेकसले. "सत्कार चाललाय, दिसत नाही का?"

तात्पर्य : मुलांनो, इंजिनच्या आत कुणी पाहत नाही, फरशी सगळे पाहतात. म्हणून गळती लागली की इंजिन रिकामं करावं. तरीही कुणी थेंब दाखवायला आलाच, तर फरशीच्या आधी त्याला पुसून काढावं.