रुखवतातला मोर

“रुखवतात काय फक्त मायचीच कलाकारी मांडाची? या वेळी बापाचा मोर उभा राहीन, मोर! पाहुणे पाहतच राह्यतीन!”

मयुरीचं लग्न परवावर आलं होतं आणि तिचे वडील बंडूजी सावंगीच्या घराच्या अंगणात नवीकोरी मशीन मांडून बसले होते. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर नाचणारी बारीक करवत. पातळ प्लायवूडमधून एक मोर कापायचा, एवढाच बेत. मंडळी, एवढ्यावर निभावलं असतं तर गोष्ट कशाला सांगत बसलो असतो!

बंडूजींनी डब्यातलं सगळ्यात दणकट, मोठ्या दातांचं ब्लेड निवडलं आणि वेगाचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं. प्लायवूड थडथड उडायला लागलं. पिसाऱ्याचे टवके निघाले, उरलेला पिसारा काळा पडला. अंगणभर जळका वास!

“काऊन जी, काय करपून राह्यलं?” आतून त्यांच्या बायकोने, सुमित्राबाईंनी विचारलं.

“मोर!” बंडूजी खेकसले.

दुसऱ्या मोराची मान गेली. तिसऱ्याचे पाय.

“बाबा, ब्लेड उलटं बसवलं तुम्ही!” मेंदीचे हात हवेत धरून मयुरी म्हणाली. “दात खाली पायजे. वर असले तर लाकूड उचलतेच ना! आधी व्हिडिओ पाहा.”

“मले व्हिडिओ शिकवन का आता?”

पण पाहिला, आणि ब्लेड सुलटं केलं. पातळ लाकडाला बारीक दातांचं ब्लेड, वेग कमी, आणि टवके निघू नयेत म्हणून खाली आधाराला एखादा टाकाऊ पुठ्ठा चिकटपट्टीने बांधायचा. बंडूजींनी घर पालथं घातलं. लग्नघरात सगळं सापडतं, टाकाऊ तेवढं सापडत नाही! शेवटी गादीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा मिळाला. सपाट, ताठ, नेमका मापाचा.

“रद्दीही जपून ठेवते ही बाई!” असं पुटपुटत त्यांनी तो न उघडता तसाच बांधला.

आणि काय सांगू! ब्लेड लोण्यातून जावं तसं गेलं. तुऱ्यासकट अख्खा मोर सुटून हातात आला.

“अवो, या इकडे! पाहा!”

सुमित्राबाई आल्या. त्यांनी मोर पाहिला. मग मोराखालून घसरलेला दुसरा मोर पाहिला, हिरव्या-लाल रेशमाचा. दिवाळीपासून डोळे फोडून रेशमाने भरलेलं तुळशीवृंदावन त्यांनी पुठ्ठ्यावर ताणून, सुरकुती पडू नये म्हणून गादीखाली ठेवलं होतं. आता त्याच्या मधोमध मोराएवढं भोक होतं.

“माह्या रुखवताचं वाटोळं केलं!” त्यांना रडूच फुटलं. बंडूजींना मशीनखाली शिरावंसं वाटलं.

जरा वेळाने सुमित्राबाईंनी पदराने डोळे पुसले. “पातळ चीजले खालून आधार लागते म्हने ना तुमचा व्हिडिओ? आना तो मोर इकडे!”

लाकडी मोरावर त्यांनी रेशमी मोर चिकटवला, तो भोकात नेमका बसवला आणि कडेने सोनेरी लेस फिरवली.

लग्नात विहीणबाई रुखवतापुढून हलेनात. “वृंदावनात मोर! काय उठून दिसून राह्यला, बाई! हात हाय का जादू!”

सुमित्राबाई लाजल्या. विहीणबाई बंडूजींकडे वळल्या. “अन् तुमी काय केलं जी रुखवतात?”

बंडूजींनी बायकोकडे पाहिलं. बायकोने बंडूजींकडे पाहिलं.

“टेबल मांडले,” बंडूजी म्हणाले.