रखमाजीची बिनविरोध चूल

आंबेखोल नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात विरोधी पक्षाशिवाय कुणाच्याही घरची चूल पेटत नसे. त्या गावी राहायचा रखमाजी, त्याची बायको पारूबाई आणि त्यांची एकुलती लेक हौसा.

रीत साधी होती. सकाळी चुलीपुढं बसून सत्तेतल्या पक्षानं आज काय शिजवायचं ते मांडायचं, विरोधी पक्षानं ते का शिजवू नये ते सांगायचं, मग हात वर करून मतं घ्यायची आणि काडी ओढायची. मतं सारखी पडली तर सत्तेतल्याचं चालायचं. रखमाजीच्या घरात सत्ता कायम पारूबाईची. तिनं मेथी म्हटली की हा म्हणायचा, कडू लागते. तिनं वांगं म्हटलं की हा म्हणायचा, अंगाला खाज सुटते. मतात हरायचा आणि बोटं चाटत जेवायचा.

मग पारूबाई गेली. तेराव्यानंतर गावानं रखमाजीला हार घातला. एवढी वर्षं विरोधात काढली, आता बिनविरोध सत्ता आली, असं भाग्य कुणाला मिळतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी रखमाजीनं पिठल्याचा ठराव मांडला. समोर पारूबाईचा पाट रिकामा होता. काडी बोटापर्यंत जळत आली, पण लाकडानं पेट घेतला नाही.

ग्रामसेवक येऊन पाहून गेले. पाडव्यापर्यंत चूल पेटली नाही तर हे घर शेजारच्या घरात विलीन होईल, रखमाजीला त्यांच्या पडवीत पथारी मिळेल आणि या दाराला कुलूप लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. नियमच तसा होता.

शेजारचे दगडूतात्या उसने विरोधक म्हणून येऊन बसले. रखमाजीनं पिठलं म्हटलं. तात्यांनी एकट्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना विरोध सुचेना. "करा की, तुमचं बरोबरच आहे," म्हणाले, "आमचा बाहेरून पाठिंबा समजा." चुलीतून नुसता धूर आला. गावात ज्याला त्याला बोलावून पाहिलं. जो तो दोन घास आणून द्यायचा, आणि रखमाजी म्हणेल त्याला मान डोलवायचा.

शेवटी रखमाजीनं स्वतःचा पक्ष फोडला. इकडं बसून पिठलं मांडलं, उठून पारूबाईच्या पाटावर बसला आणि तिच्यासारखा बोलला, "रोज रोज काय पिठलं?" चुलीनं ऐकून घेतलं. पेटली मात्र नाही. रखमाजी बराच वेळ त्या पाटावर बसून राहिला.

आता राहिली हौसा. तिनं आपल्या मनानं नवरा निवडला होता. त्या एकाच ठरावावर रखमाजी आणि पारूबाई एका बाजूला झाले, आणि हौसा सभात्याग करून गेली ती गेलीच. आईच्या मातीला आली, लांब उभी राहिली आणि तशीच परत फिरली.

रखमाजी तिच्या गावी गेला. ती भाकऱ्या थापत होती. चूल पेटत नाही, असं त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं.

"मग व्हा की विलीन," हौसा म्हणाली. "तात्यांकडं गरम जेवण मिळेल."

"तिथं सगळे माझं ऐकतात गं."

हौसानं तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळानं रखमाजी आला तसा गेला.

पाडव्याला सकाळी ग्रामसेवक कुलूप घेऊन दारात उभे होते. हौसा त्यांना ओलांडून आत आली, बरोबर लेक मैना. चुलीच्या पलीकडं बसली.

"मी माफ करायला आलेले नाही, आबा. विरोध करायला आलेय."

रखमाजीनं पिठलं मांडलं. हौसा बोलायला उठली. सणाला पुरण सोडून पिठलं करणारं सरकार तिनं पाहिलं नाही, म्हणाली. या घरात माणसाच्या पोटात काय आहे ते कधी कुणी विचारलं नाही, म्हणाली. तिथून ती लग्नावर आली. रखमाजीनं मध्ये एकदाही अडवलं नाही. ग्रामसेवक घड्याळाकडं बघत होते, पण विरोधी पक्षाचं भाषण तोडता येत नाही.

मग मतं झाली. मैना अपक्ष होती. तिनं आजोबांना विचारलं, पिठलं गोड असतं का? नसतं, रखमाजी म्हणाला. तिनं आईच्या बाजूनं हात वर केला. रखमाजीचं सरकार पडलं, आणि पहिल्या काडीला चूल धडधडून पेटली. ग्रामसेवकांनी कुलूप पिशवीत घातलं आणि पुरण शिजेपर्यंत थांबले.

सत्ता हौसाकडं गेली. दिवस मावळताना तिचा नवरा त्यांना न्यायला आला. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. आत येऊन उभा राहिला. कुठल्या पक्षात बसणार, असं हौसानं त्याला विचारलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं आणि विरोधी बाजूला गेला. रखमाजीनं सरकून त्याला आपल्या पाटावर जागा करून दिली.