संथ चेंडूसाठी वाकणे

योशिहारू ओकुदांनी बटण दाबलं तेव्हा चेंडू अर्ध्या वाटेवर होता. पडद्यावरच्या फलंदाजाने जीव खाऊन बॅट फिरवली, स्वतःभोवती गिरकी घेतली, आणि त्यानंतर चेंडू निवांतपणे त्याच्यासमोरून जाऊन मागच्या खेळाडूच्या हातमोज्यात पडला.

"पुन्हा लवकर," वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता फुमिए म्हणाली.

"मशीन जुनं झालंय आपलं."

"मशीन जुनं असतं तर उशीर झाला असता. तुम्ही लवकर दाबताय."

"अगं, वेगाचा चेंडू मारतोच ना मी?"

"त्याला थांबावं लागत नाही म्हणून. वळणारा आला की तुम्ही जरा आधी, आणि संथ आला की इतके आधी, की तेवढ्यात मी चहा टाकून येईन."

मुलाचं हे बेसबॉलचं खेळयंत्र कपाटातून खाली काढायला कारण तसंच घडलं होतं. तोयामा शहरातल्या त्यांच्या वस्तीत रहिवासी मंडळाचं अध्यक्षपद दोन वर्षांसाठी पाळीने फिरतं, आणि ते चुकवायला लोक पाठदुखीपासून मुलीच्या बाळंतपणापर्यंत काहीही पुढे करतात. यंदा त्यांच्या रांगेत पद न भोगलेली दोनच घरं उरली होती. एक ओकुदांचं आणि एक इलेक्ट्रिशियन हिराइवांचं. मागच्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्या, तर चिठ्ठीची घडी कोणी कशी घातली यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. म्हणून मावळते अध्यक्ष कुवाबारा यांनी तोडगा काढला. म्हाताऱ्यांचे मेंदू जागे राहावेत म्हणून सभागृहात हाच खेळ आणून ठेवलेला होता. हिराइवा आणि ओकुदा दोघेही एके काळी वस्तीच्या बेसबॉल संघात होते, आता दोघांचेही गुडघे गेले होते. दोघांनी पडद्यावर खेळावं, हरेल तो अध्यक्ष.

"अध्यक्ष तुम्ही व्हाल," फुमिए म्हणाली, "पण फोन मी उचलणार. कावळ्यांनी उकरू नये म्हणून कचऱ्यावर टाकतात ती जाळी मी धुणार. उत्सवाच्या कंदिलांना ठिगळं मी लावणार. मग मी हाकोदातेला कधी जाऊ?"

हाकोदातेला तिची विधवा बहीण राहत होती. लग्नानंतर फुमिए तिच्याकडे दोन रात्रींपेक्षा जास्त कधी राहिली नव्हती. यंदा मेचा पूर्ण महिना येते असं तिने कबूल केलं होतं, आणि बहिणीने त्यासाठी नवी गादी शिवून घेतली होती.

ओकुदांची खरी अडचण चेंडूत नव्हती. त्यांना थांबताच येत नसे. चहाची पानं उमलायच्या आत ते किटली वाकडी करत. लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर दार मिटायचं बटण दाबत, त्यात एकदा फुमिए बाहेर राहिली होती. तिने त्यांना मनातल्या मनात आकडे मोजायला सांगितलं, तर त्यांचे आकडेही धावत सुटले. श्वास धरायला सांगितला, तर चेंडू येईपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला आणि बटण राहूनच गेलं.

"बघ, थांबलो," ते म्हणाले.

"बटण दाबायचं होतं."

"तू एका वेळी एकच काय ते सांग."

तेवढ्यात पार्सलवाला आला. ओकुदांनी खोकं घेतलं आणि तो वळेपर्यंत त्याच्यापुढे वाकून उभे राहिले. फुमिएच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिचा नवरा जगात एकच गोष्ट घाईने करत नसे. डिपार्टमेंट स्टोअरच्या तक्रारींच्या काउंटरवर त्याने अख्खी नोकरी काढली होती, आणि तिथे रोज सकाळी दार उघडण्याआधी ओळीत उभं करून वाकण्याची तालीम व्हायची. ओळखीच्या माणसाला मान तुकवणं वेगळं, गिऱ्हाइकापुढे कमरेतून वाकणं वेगळं, आणि फाटकी उशी परत आणणाऱ्या बाईची माफी मागणं वेगळं. प्रत्येकाला लागणारा वेळ त्याच्या हाडांत मुरलेला होता.

"उभे राहा," ती म्हणाली. "वेगाचा चेंडू आला की फक्त मान तुकवा आणि दाबा. वळणारा आला की गिऱ्हाईक. आणि हातातून सुटताना चेंडू जरा वर उसळला, तर तो संथ. त्याला माफी."

"चेंडूची माफी मागू?"

"मागा. डोकं वर आलं की दाबा."

पहिला संथ चेंडू आला. ओकुदा वाकले, तळाशी रीतसर थांबले, वर आले आणि बटण दाबलं. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला. खाली बघत असल्यामुळे त्यांना घाई करायला काही दिसतच नव्हतं, हे तर तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हिराइवांची बायको वस्तीचं फिरतं सूचनापत्र द्यायला आली, तेव्हा बैठकीचं दार उघडंच होतं. आत ओकुदा कमरेत वाकून उभे होते आणि समोर फुमिए हाताची घडी घालून म्हणत होती, "अजून खाली. इतक्याने नाही भागणार." हिराइवांची बायको सूचनापत्र चपलांच्या कपाटावर ठेवून हळूच निघून गेली. संध्याकाळी तिच्याकडून मुळ्याचं लोणचं आलं, आणि सोबत निरोप, की पुरुष या वयात चुकतात, मनाला लावून घेऊ नका.

रविवारी सभागृह भरलं. टीव्हीच्या एका बाजूला यजमान म्हणून कुवाबारा उशीवर बसले होते, समोर जमिनीवर अख्खी वस्ती. हिराइवा मांडी घालून बसले. ओकुदा गुडघ्यांचं निमित्त सांगून उभे राहिले.

पहिलाच चेंडू वळणारा आला. ओकुदा गिऱ्हाइकापुढे वाकतात तसे वाकले. टीव्हीशेजारी बसलेल्या कुवाबारांना वाटलं हे आपल्यालाच. तेही वाकले. चेंडू जोरात गेला, पण लोक वाकलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत होते.

"ओकुदासान, खेळताय ना?" हिराइवा म्हणाले.

"खेळतोय. टाका तुम्ही."

पुढचा संथ. ओकुदा माफीसाठी वाकले. त्याला उत्तर द्यायला कुवाबारांना उशी सोडून गुडघ्यांवर यावं लागलं, आणि पुन्हा बसताना दोघांनी त्यांना धरलं. हिराइवा वैतागून सगळे संथ चेंडूच टाकू लागले, म्हणजे नेमकं नको तेच. ओकुदा वाकत राहिले, धावा होत राहिल्या, आणि कुवाबारांची उठबस चालू राहिली.

"त्यांचं काही चुकलंय का माझ्या बाबतीत?" कुवाबारांनी शेजारणीला विचारलं.

"घरीसुद्धा असंच चाललंय म्हणे," शेजारीण म्हणाली.

हिराइवाही कच्चे नव्हते. आपल्या पाळीत त्यांनी तेवढ्याच धावा केल्या. शेवटच्या डावात बरोबरी झाली होती आणि ओकुदांचा अखेरचा फलंदाज समोर होता. दोन चेंडू हुकले होते. अजून एक हुकला की खेळ वाढणार होता, आणि ओकुदांची कंबर वाढीव खेळाला टिकणार नाही हे फुमिएला दिसत होतं. तिने बाह्यांत हात आवळून धरले.

आता निकाल लागणारच, तेव्हा निरोपाचं बोलून घ्यावं असं कुवाबारांना वाटलं. टीव्हीला धरून ते उठले. हिराइवांनी चेंडू टाकला. तो हातातून सुटताना वर उसळला.

"मी आता थकलो," कुवाबारा म्हणाले. "निकाल काहीही लागो, कोणीतरी आपण होऊन पुढे यावं आणि ही वस्ती सांभाळावी, एवढीच माझी विनंती."

ओकुदा वाकले. अगदी खालपर्यंत, फाटक्या उशीपेक्षाही खाली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठलीही घाई न करता तिथे थांबले.

मग टाळ्या सुरू झाल्या. ओकुदांनी डोकं वर काढलं, बटण दाबलं, चेंडू मैदानाबाहेर गेला आणि पडद्यावर आतषबाजी झाली. ती फक्त फुमिएने पाहिली. हिराइवांनी यंत्र खाली ठेवून दोन्ही तळवे जमिनीला टेकून डोकं खाली घातलं होतं. "जिंकायची संधी असताना स्वतःहून अध्यक्षपद घेतलंत," ते म्हणाले. त्यांची बायको डोळे पुसत होती.

फुमिएने नवऱ्याकडे पाहिलं. 'सांगा,' तिची नजर म्हणत होती. 'चेंडूसाठी वाकलो म्हणून सांगा.'

ओकुदांनी तोंड उघडलं. समोर इतकी माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि समोरच्या माणसाचं चुकलंय असं सांगायला त्यांना नोकरीत कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

"सांभाळून घ्या," ते म्हणाले.

कुवाबारांनी खिशातून कचऱ्याची जाळी ठेवायच्या कपाटाच्या किल्ल्या काढल्या आणि सावकाश चालत आले. ते ओकुदांना ओलांडून पुढे गेले, फुमिएसमोर थांबले, आणि किल्ल्या दोन्ही हातांनी पुढे धरून वाकले.

'नाही' हा शब्द फुमिएच्या ओठांवर तयार होता. मे महिनाही तयार होता, गादीही. पण तोपर्यंत तिची मान खाली गेली होती, आणि ती वर येईना.