चौकटीचा रुपया

त्या सकाळी आमच्या दारात कोण कोण होतं ते आधी सांगते. माझा मुलगा विजय, मुलगी मंगल, शेजारची कांताबेन, गल्लीतले पाच-सहा पुरुष आणि सखाराम भावजी. मध्ये चटईवर आमचे हे होते, पण ते आता कुणात धरायचे नाहीत.

सगळी तयारी झालेली. आमच्यात सोन्याची ऐपत नसली की जाणाऱ्याच्या मुठीत रुपया देतात, वाटेला म्हणून. मंगलने डब्यातला रुपया काढून ह्यांच्या मुठीत सरकवला. तर भावजी पुढे आले, मूठ उघडली, रुपया काढला, दाराशी उजेडात नेला, डोळ्याला भिंग लावलं नि म्हणाले, "ह्यो चालाचो नाय."

विजय चिडला. "काका, आज तरी राहू दे ना!"

"अरे, हैदराबादचो आसा. ह्येका घेवन तो खंय जातलो?"

भावजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत, ह्यांचे दोस्त. दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात. गिरणी बंद पडली तेव्हा दोघं एकदमच रस्त्यावर आले. हे वॉचमन झाले, भावजी एका लेथवाल्याकडे लागले, मी खालच्या बिल्डिंगांत धुणीभांडी धरली. घाटकोपरच्या ह्या डोंगरावर पाणी चढत नव्हतं, ते आम्ही डोक्यावरून चढवत होतो. मधला मुलगा तापात गेला. दिवस काय, गेले.

भावजींनी लग्न केलं नाही. त्यांना नाण्यांचा नाद. नाणं हातात आलं की उलटं करायचं, सालाच्या खाली बोट ठेवायचं नि त्यालाच विचारायचं, "गाव खंयचो?" म्हणजे गाव कुठचं. सालाखाली चांदणी असली तर हैदराबादचं. टिंब असलं तर नोएडाचं. पत्त्यांत असते तशी चौकट असली तर आपल्या मुंबईचं. आणि काहीच नसलं तर कलकत्त्याचं. "त्येंका खूण कित्याक? मोठा घराणा!" असं म्हणायचे. मला वाचता येत नाही, पण ह्या खुणा येतात. त्याला अक्षर लागत नाही.

भाजीवाल्याने सुटे दिले की गिऱ्हाइकं खोळंबायची. भाजीवाला ओरडायचा, "चाचा, पैसा असली है!" भावजी म्हणायचे, "असली आसा रे, पण खंयचो ता बघूक नको?" एकदा कांताबेनकडे सत्यनारायण होता. भटजी डोळे मिटून मंत्र म्हणतायत नि भावजींनी कलशात हात घालून आतला रुपया बाहेर काढला. भटजींनी डोळे उघडले तर भावजी धोतराला रुपया पुसतायत. "अहो, काय करताय काय!" "नोएडाचो," म्हणाले भावजी, नि परत आत टाकला. कांताबेन वर्षभर बोलली नाही.

त्यांना स्वतःला कुणी गाव विचारलं की मात्र "घाटकोपर" म्हणायचे. मालवणकडे घर होतं ते चुलत्यांनी घेतलं, एवढंच मला माहीत.

हे रोज संध्याकाळी ड्युटीवरून यायचे, आमच्या उंबऱ्यावर बसलेल्या भावजींच्या पुढ्यात खिसा उलटा करायचे. "सख्या, सांग, हेचो गाव खंयचो?" मग दोघांचं चालायचं. मी भाकऱ्या थापत ऐकायची. डोक्याला ताप होता नुसता.

एकदा ह्यांना तंबाखूच्या सुट्यात एक रुपया आला. छापताना चकती सरकलेली. अर्ध्या चंद्राएवढा भाग कोरा, सालातले दोनच आकडे उरलेले, पण खालची चौकट अख्खी. भावजींनी तो हातात घेतला नि परत दिलाच नाही; ह्यांनीही मागितला नाही. मशीन चुकतं तेव्हा असं एखादं बाहेर पडतं म्हणे, नि पकडलं जात नाही. फोर्टातला एक नाणीवाला तो बघायला डोंगर चढून आला होता. मागाल ते देतो म्हणाला. भावजींनी त्याला चहा पाजला नि वाटेला लावला.

तर त्या सकाळी भावजींनी हट्ट धरला, मुंबईचाच रुपया पाहिजे. पुरुषांनी खिसे उलटे केले. तिरडी बाहेर बांधून तयार, नि आत सगळे उकिडवे बसून नाणी उजेडात धरतायत. "टिंब." "चांदणी." "काका, ह्याच्यावर कायच नाय." "कलकत्ता. ठेव परत."

कांताबेन डोळे पुसत म्हणाली, "अरे सखारामभाई, ऊपर कौन देखनेवाला है?"

"थंय त्याच्या ओळखीचो कोण आसा? गाव खंयचो इचारल्यानी तर काय दाखवतलो?"

चौकट काही निघेना. भावजी उठले, गल्लीतल्या आपल्या खोलीत गेले नि औषधाची डबी घेऊन आले. डबीत कापूस, कापसात तो सरकलेला रुपया.

विजयला त्याची किंमत माहीत होती. तो म्हणाला, "काका, हा नको. हा तुमचा आहे."

"माझो खंय? त्यानेच हाडलेलो." आणलेला ह्यांनीच होता, ते खरं.

भावजींनी रुपया ह्यांच्या मुठीत ठेवला. एकेक बोट आपल्या हाताने मिटलं. मग म्हणाले, "आता उचला." मी रडले नाही. मला रडायला वेळ लागतो.

त्याला आता वर्ष होत आलं. भावजी अजून संध्याकाळी येतात, उंबऱ्यावर बसतात, चहा घेतात. सुटे पैसे दिले तर न बघता खिशात टाकतात. भिंग त्या दिवशीच माझ्या घरातल्या खिळ्याला टांगून गेलेत. भाजीवाला परवा मला विचारत होता, चाचा की तबियत खराब है क्या? मी एकदा त्यांच्या पुढ्यात रुपया धरला नि विचारलं, "भावजी, गाव खंयचो?"

"असेल कुठलंतरी, वहिनी," म्हणाले. मालवणीसुद्धा सोडली त्यांनी.

मी सांगतेय नि मंगल लिहून घेतेय. वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. हातात रुपया आला की एकदा उलटा करून बघा. छाप सरकलेला, वाकडा, कसाही चुकलेला दिसला तर खर्चू नका. घाटकोपरला डोंगरावर पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत या. उंबऱ्यावर म्हातारा बसलेला असेल. त्यांना तो देऊन टाकायची गरज नाही. पुढ्यात धरा नि गाव विचारा. भिंग मी काढून देईन.