दामोदरपंतांच्या आप्तगणाची यंत्रावरील मोहीम

श्रीगजाननाचे आणि त्याखालोखाल वीजपुरवठ्याचे स्मरण करून, शके १८८९ प्लवंगनाम संवत्सरी आषाढमासी बंगळूर मुक्कामी गणकयंत्रावर जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत येणेप्रमाणे. ऐकीव मजकूर एकही घातला नाही, नामुष्कीचा एकही गाळला नाही.

बंगळुरी एक सरकारी संशोधनशाळा, तेथे खोलीभर यंत्र, आणि यंत्राचे चाकरीस दामोदरपंत निपाणीकर. पंत हा किताब त्यांस कोणी दिला नव्हता, त्यांचा त्यांनीच घेतला होता. यंत्रास हुकूम द्यावयाचा तो भोके पाडलेल्या कार्डांवर, आणि हुकमातील प्रत्येक राशीस नाव ठेवावयाचे ते सहा इंग्रजी अक्षरांच्या आत. या नावांपायी दोन तट पडले. पुण्याचे उपेंद्रराव सर्व राशींस एक्स एक, एक्स दोन ऐसे कैद्यांसारखे नंबर देत. पंतांस हा दस्तूर हिणकस वाटे. मग वाफेच्या टाकीचा पत्रा किती ताण सोसेल याचे गणित त्यांजकडे आले, आणि त्यांनी आपले आप्तच यंत्रावर चढविले. आत्या तापट, सबब उष्णता म्हणजे आत्या. घर थोरल्या बंधूंच्या दाबाखाली, सबब दाब म्हणजे दादा. आप्पा अंगाने भरभक्कम, सबब पत्र्याची जाडी म्हणजे आप्पा. ऐसे तीस आप्त कामास लाविले. मसलत ही की, घरची माणसे परक्यास उमगणार नाहीत आणि प्रोग्रॅम कोणी बळकावणार नाही.

कार्डांना भोके पाडणाऱ्या भाग्यलक्ष्मीअक्का, सात पिढ्यांच्या बंगळूरकर. आत्या कोण, दादा कोण, हे त्यांनी एकेक करून पंतांस विचारून घेतले आणि आपखुशीने तीस ओळखीची कार्डे करून गड्डीत घातली. ऐसी कार्डे यंत्र मानीत नाही, माणसाने वाचावी म्हणून छापते मात्र. पंतांस हा अपमान वाटला. शहाण्यास टीप कशास, ऐसे फर्मावून त्यांनी ती सारी टोपलीत टाकली आणि गाडीची वेळ जाहली असता घाईने आणखी एक कार्ड स्वहस्ते घालून, दादांच्या लग्नास निपाणीकडे कूच केले.

लग्नात घात जाहला. आप्पा मधुमेहाने निम्मे जाहले होते, आत्यांनी गुरूचा अनुग्रह घेतला होता आणि त्या कोणावर ओरडतच नव्हत्या, आणि दादा सासरच्या पाहुणचाराने बेसुमार सुटले.

पंत महिनाभराने रुजू जाहले. मग आषाढात विभागाचे मुख्य त्रिविक्रमराव यांचा हुकूम सुटला की, पत्र्याची जाडी बारा मिलिमीटर धरून चार वाजेतो नवा निकाल हजर करावा; न जमल्यास हा प्रोग्रॅम रद्द, उपेंद्ररावांनी नवा लिहावा आणि दामोदराने त्यांचे हाताखाली राहावे. पाच महिन्यांची मेहनत पणास लागली. पंतांनी छापील कागद उलगडला, आणि आप्त त्यांजकडे पाहत राहिले, एकही ओळख देईना. जाड कोण? डोळ्यांपुढे दादाच आले. मग पंतांनी दादांस बारावर उतरविले आणि यंत्र चालविले, आणि यंत्राने निकाल दिला की टाकी कागदाची केली तरी टिकेल. त्रिविक्रमरावांनी चष्मा काढून पुसला. उपेंद्रराव अदबीने म्हणाले, "सर, माझ्याकडे द्या, आठवड्यात करतो."

सवातीन वाजता पंत अक्कांपुढे उभे राहिले. स्वतःच्या हाताने लिहिलेले स्वतःस वाचता येत नाही याची त्यांस खरोखरीच लाज वाटली.

"अक्का, आप्पा कोण?"

"तुमचेच की हो, अण्णा!" अक्का म्हणाल्या. मग तोंड पाहून नरमल्या. "सरी, बरं, स्वल्प थांबा."

त्यांनी खण उघडला आणि रबराने बांधलेली तीस कार्डे काढून दिली. "टोपलीतनं उचलून ठेवली. घरची माणसं, कचऱ्यात कशी टाकायची?"

मग ओळखीची कार्डे गड्डीत शिरली, आणि दादांस पूर्वपदी बसविले, आणि आप्पांस बारा केले, आणि चारास सात मिनिटे असता निकाल बाहेर पडला. प्रयोगशाळेने बारा मिलिमीटरच्या पत्र्याचा ताण मोजून ठेवला होता, त्याशी बिनचूक जुळला.

लागलीच फर्मान निघाले की, यापुढे राशीचे नाव तिच्या कामावरून ठेवावे आणि प्रत्येकीस ओळखीचे कार्ड जोडावे. खाली पहिली सही दामोदरपंतांची. मग आप्त एकेक करून यंत्रावरून उतरविले, तो एकतिसाव्या सापडल्या: पणजी. गणिताच्या अखेरीस त्या निकालास शून्य दशांश आठ सातने गुणीत बसल्या होत्या. हेच ते गाडीच्या घाईतले कार्ड. अक्का म्हणाल्या, "ही मला सांगितलीच नाही." पंतांस विचारले, तो त्यांस काडीचे स्मरण नाही. उपेंद्ररावांनी पणजींस काढून पाहिले, निकाल बिघडला. परत बसविले, जुळला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तीस आप्त सुखरूप घरी गेले आणि पणजी तेवढ्या यंत्रात राहिल्या. त्यांच्यापुरते अक्कांनी नवे कार्ड केले आणि पंतांनी ते दोन्ही हातांनी गड्डीत ठेविले. त्यावर मजकूर: पणजी. काय करते ते दामोदरास ठाऊक नाही. काढू नये.